मालवणच्या दर्याकाठी

चिक्कडपल्लीत राहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना विस्तीर्ण पाणी म्हटले म्हणजे हुसेनसागर आठवतो. सोळाव्या शतकात, इब्राहिम कुतुबशहाच्या कारकीर्दीत बांधलेला हा तलाव सुंदर खरा; परंतु त्याला भरती नाही आणि ओहोटीही नाही. हे दोन शब्द आमची मुले भूगोलाच्या पुस्तकातून पाठ करतात. माझी मातृभाषा कोंकणी असल्यामुळे मला ते घरातच मिळाले. हैदराबादेत वाढलेल्या माझ्या भाच्यालाही त्यांचा अर्थ डोळ्यांनी पाहता यावा, म्हणून गेल्या डिसेंबरात त्याला घेऊन मी मालवणास गेलो.

कुडाळ स्थानकावर उतरून मालवण गाठले, की धक्क्यावरूनच सिंधुदुर्गाचा तट दिसू लागतो. शिवछत्रपतींनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या जलदुर्गाचा पाया घातला आणि १६६७ मध्ये तो पुरा झाला. २०२५ मध्ये युनेस्कोने ज्या बारा मराठा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत हाही आहे. चहूंकडे खारट पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी! हे पाणी चाखून भाचा क्षणभर अवाक् झाला.

किल्ल्यालगतच्या उथळ समुद्रात प्रवाळ आहेत. तोंडावर काचेचा मुखवटा व श्वासासाठी नळी लावून, पाण्यावर पालथे तरंगत ते पाहता येतात. यास स्नॉर्केलिंग म्हणतात. प्रवाळ दगडासारखे दिसले, तरी ती सजीव प्राण्यांची वसाहत असते. पाय पडला तरी ती मोडते. या परिसरातील सागरी जीवनाच्या रक्षणासाठी १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले.

आम्ही ठरविलेल्या दिवशी आकाश निरभ्र होते. पैसेही देऊन झाले होते. तरी वृद्ध होडीवाल्याने पाण्याकडे पाहून नकारार्थी मान हलविली आणि पैसे परत केले. भाचा हिरमुसला. तेव्हा तो म्हणाला, “दर्या आपला ऐकणा नाय, बाबू, आपणच दर्याचा ऐकूक व्हया.” मालवणी आणि माझी कोंकणी या सख्ख्या बहिणी, मला अर्थ सांगावा लागला नाही. भाच्याला मात्र तो मी सांगितला.

मग त्यानेच वाळूवर बसून भाच्याला भरतीचा हिशेब शिकविला. अमावास्या-पौर्णिमेस उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ मोटमानाने निघते. अष्टमीस सुमारे सहा वाजता. भरती रोज पाऊण तासाहून किंचित अधिक उशिरा येते, कारण चंद्रही तितकाच उशिरा उगवतो. पुस्तकातील चंद्राचे आकर्षण भाच्याला त्या बोटांच्या पेरांवर प्रथमच उमगले. दुसऱ्या दिवशी पाणी निवळले आणि त्याने प्रवाळही पाहिले. परंतु घरी येऊन त्याने आईला प्रथम सांगितला तो पाऊणपटीचा हिशेब.

विद्यार्थी मित्रांनो, समुद्रकिनारी अवश्य जा. पोहा, होडीत बसा, पाण्याखालचे नवलही पाहा. परंतु केवळ गिऱ्हाईक म्हणून जाऊ नका. विद्यार्थी म्हणून जा. पैसे परत करून ‘आज नाही’ म्हणणारा तेथे भेटला, तर त्यास गुरू मानून चार प्रश्न विचारा. त्याची विद्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात छापलेली नाही; ती ऐकून घेणारा मिळाला, तरच ती पुढे जाईल.