पाकिटावरचा पत्ता

प्रवासात माणसाची ओळख पटते, असे आपले बुजुर्ग सांगत आले आहेत. गेल्या मे महिन्यात केपटाऊनला जाताना आणि वाटेत अडकून पडल्यावर मला माझ्या अम्मीची नव्याने ओळख झाली. तिचे वय पंच्याहत्तर. त्याआधी ती कधी विमानात बसली नव्हती.

माझे नाना मरहूम तरुणपणी खेड तालुक्यातल्या आमच्या गावातून बोटीने दक्षिण आफ्रिकेला गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतले कितीतरी कोकणी मुसलमान केपटाऊनला जात होते. पुरुष तिकडे दुकानात राबत आणि बायका-मुले गावाकडे मनीऑर्डरची वाट पाहत. नाना १९४९ मध्ये एकदा घरी आले आणि परत गेले. अम्मीचा जन्म त्यानंतरचा, १९५० चा. बापाने लेकीला आणि लेकीने बापाला कधी पाहिलेच नाही. पुढे नानांनी तिकडे दुसरा संसार थाटला. ही गोष्ट घरात सर्वांना माहीत होती, पण कोणी तिचा उच्चार करत नसे. १९७८ मध्ये तिकडेच त्यांचा इंतकाल झाला.

नानीला जायचे असते तरी जाता आले नसते. तिथल्या वर्णद्वेषी कायद्यांमुळे भारताने १९४६ मध्येच त्या देशाशी व्यापार बंद केला होता. पुढे बरीच वर्षे आपल्या पासपोर्टवर दक्षिण आफ्रिका वगळलेली असे. दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध १९९३ मध्ये पुन्हा जुळले. नानी १९९१ मध्येच अल्लाहला प्यारी झाली होती. जाताना तिने अम्मीकडे एक निरोप ठेवला. तो काय होता, हे अम्मीने आम्हा भावंडांना कधी सांगितले नाही. “अमानत आहे, ज्याची त्याला पोचवायची आहे,” एवढेच ती म्हणायची.

मग सावत्र मामूंचा फोन आला. त्यांच्या हृदयाचे ऑपरेशन ठरले होते. “आपांना एकदा भेटायचे आहे,” ते म्हणाले. ऑपरेशन गुरुवारी होते आणि बुधवारी दुपारी त्यांना दाखल व्हायचे होते. आम्ही सोमवारी संध्याकाळी पोचू, अशा हिशोबाने मी तिकिटे काढली. मध्ये पूर्ण मंगळवार मोकळा मिळत होता.

सोमवारी पहाटे साडेचारचे विमान होते. आम्ही रात्री एकलाच मुंबई विमानतळावर हजर झालो. आधी तासाभराचा उशीर सांगितला, मग तीन तासांचा. नंतर कोणी काही सांगेनासे झाले. विचारले तर ‘तांत्रिक अडचण’. काउंटरवर लोक हातघाईवर आले होते. मीही आवाज चढवला. शाळेत मुलांना रांगेत शांत उभे राहायला शिकवणारा मास्तर मी! अम्मीने व्हीलचेअरवरून हाक मारली, “अरे, ती पोरगी काय विमान चालवते? तिच्यावर कशाला ओरडतोस?” मी वरमलो. त्या मुलीनेच नंतर अम्मीला चहा आणून दिला.

विमान सुटले दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी. आखातात ज्या विमानतळावर आम्हाला विमान बदलायचे होते, तिथून केपटाऊनचे विमान सकाळीच निघून गेले होते. पुढचे दुसऱ्या दिवशी सकाळी आठला. हॉटेलच्या खोल्या संपल्या होत्या. हाती जेवणाची कुपने आली. नमाजच्या खोलीत जाऊन जुहर आणि असर एकत्र, कसर करून पढलो. अम्मीने खुर्चीवर बसून पढली. रात्री तीन खुर्च्यांवर तिला आडवे केले आणि मी खाली जमिनीवर बसलो. मामूंना फोन केला. ते म्हणाले, “सावकाश या, मी कुठे पळून जातो?” पण आवाजात काळजी होती. एक पूर्ण दिवस आमच्या हातून गेला होता.

मला झोप येईना. राग होता आणि भीतीही. बुधवारनंतर काय, कोण सांगणार? अम्मी जागीच होती. पर्समधून तिने एक जुने पाकीट काढले. मागच्या बाजूला नानांच्या अक्षरात त्यांचा पत्ता होता: घर क्रमांक आणि पुढे हॅनोव्हर स्ट्रीट, केपटाऊन. ती म्हणाली, “माझी आई बेचाळीस वर्षे वाट पाहत होती. तिला तर कोणी विमान कधी सुटेल हेही सांगितले नाही. तू एका रात्रीने थकलास?”

दुसऱ्या दिवशीचे विमानही दोन तास उशिरा निघाले. मंगळवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास, सव्वीस तास उशिरा, आम्ही केपटाऊनला उतरलो. आमच्या बॅगा मात्र आल्या नव्हत्या. बाहेर मगरिबचा अंधार आणि बोचरी थंडी. तिकडे मेमध्ये हिवाळा सुरू होतो. मामू लोकरी टोपी घालून कठड्याला टेकून उभे होते. अम्मी त्यांच्याकडे बघतच राहिली. नंतर मला म्हणाली, “आरशात माझे कपाळ दिसते, तसेच त्याचे.”

रायलँड्स भागातल्या त्यांच्या घरी अम्मीने नमाजसाठी जानमाज पश्चिमेकडे अंथरला. मामींनी हसून तो उत्तरेकडे, किंचित पूर्वेला वळवला. आपल्या कोकणात किब्ला समुद्राच्या दिशेने. इथून मक्का उत्तरेला. फजरला मामूंसोबत मशिदीत गेलो. इमामसाहेबांनी दुसऱ्या रकअतीत कुनूत पढली, अगदी आमच्या गावासारखी. केपचे मलाय मुसलमानही शाफई आहेत. आठ हजार किलोमीटर दूर आलो आणि गावच्या मशिदीत उभा असल्यासारखे वाटले.

बुधवारी सकाळी मामूंनी आधी आम्हाला डिस्ट्रिक्ट सिक्स भागात नेले. समोर टेबल माउंटन आणि पायथ्याशी गवताने भरलेले मोकळे माळ. १९६६ मध्ये सरकारने ही वस्ती फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केली. साठ हजारांहून अधिक माणसांना उठवले आणि घरांवर बुलडोझर फिरवले. मशिदी आणि चर्चेस तेवढी राहिली. मामूंचे कुटुंब इथूनच रायलँड्सला गेले. मामूंनी पाकिटावरचा क्रमांक वाचला, मशिदीच्या मिनारावरून अंदाज घेतला, काही पावले चालले आणि थांबले. “इथे. खाली दुकान, वर आम्ही. माझा जन्म इथला.” अम्मी त्या गवतात थोडा वेळ उभी राहिली. ज्या पत्त्यावर नानीने पत्रे धाडली, तिथे आता दगडसुद्धा नव्हता.

तिथून कब्रस्तानात गेलो. कबरी आपल्या गावच्यासारख्या उत्तर-दक्षिण नाहीत, जवळजवळ पूर्व-पश्चिम आहेत. अम्मी गोंधळली. “बाबांचे डोके कुठल्या बाजूला?” तिने विचारले. मामूंनी हात धरून दाखवले. तिने बसून पूर्ण यासीन पढली. मग कबरीकडे नव्हे, मामूंकडे वळून म्हणाली, “माझ्या आईचा मेहर बाबांनी दिला नव्हता. ते कर्ज तुमच्या-माझ्या वडिलांवर होते. आईने मरताना सांगितले, मी माफ केले, त्यांच्या मुलांना जाऊन सांग. फोनवर सांगायची ही गोष्ट नव्हती. आज सांगितली.”

मामू काही बोलले नाहीत. त्यांनी अम्मीचा हात दोन्ही हातांत घेतला आणि आम्ही तिघे तसेच उभे राहिलो. दुपारी दोनला त्यांना दवाखान्यात पोचवले.

अल्हम्दुलिल्लाह, ऑपरेशन नीट पार पडले. आमच्या बॅगा चौथ्या दिवशी आल्या. अम्मीने त्यांची एकदाही चौकशी केली नव्हती. जे पोचवायचे होते, ते तिने पर्समध्येच ठेवले होते. परत निघताना ते पाकीट तिने मामूंकडे दिले.