आमची भाषा

सोमवार हा आम्हा धर्मगुरूंचा विसाव्याचा दिवस. मुंबईतील धर्मग्रामाचे कार्यालय बंद केले आणि गेटवेहून मांडव्याची लाँच धरली. अलिबागमार्गे रेवदंड्याला पोहोचेतो उन्हे तापली होती. घाई मात्र कशाचीच नव्हती.

चौलचा जुना पोर्तुगीज कोट आता नारळी-पोफळींच्या बागांत हरवला आहे. सांता बार्बाराच्या चर्चचा मनोरा, लोक ज्याला सातखणी म्हणतात, तेवढा ताठ उभा आहे. १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे गेले. सत्ताधीश निघून गेले. खाडीपलीकडे कोर्लईत सामान्य ख्रिस्ती माणसे राहिली आणि पोर्तुगीज-मराठीच्या मिलाफातून जन्मलेली त्यांची बोलीही राहिली. तिला ते 'नो लिंग' म्हणतात. म्हणजे, आमची भाषा.

खाडी ओलांडून कोर्लईत गेलो. एका ओट्यावर पाणी मागितले. आजी नातवाला त्या बोलीत काही सांगत होती. नातू उत्तरे मराठीतून देत होता. मी चपापलो. वसईत माझी आई आयुष्यभर सामवेदी बोलली. सेमिनरीतून सुट्टीवर आलेला मी तिला प्रमाण मराठीत उत्तरे देई आणि ती बिचारी शब्द जुळवीत बसे. त्या वेळी मला ते सुसंस्कृतपणाचे लक्षण वाटे!

"फादर, चहा घ्याल ना?"

"आजी, तुमच्या भाषेत विचारा."

ती लाजली. मग तिने विचारले. शब्द काही नीट कळले नाहीत. मी मान डोलावली आणि ओट्यावर बसलो.