तुरीचं तास

आमच्या गावात वाढई होता तोवर अवजार माणसाच्या मापानं बनत होतं. डवऱ्याला नवं रुमणं बसवायचं असलं की तो बाबांना अंगणात सरळ उभं राहायला लावी, मूठ कुठवर येते ते पाही आणि त्या हिशेबानं बाभळीचं लाकूड कापी. साठीनंतर बाबा कमरेत वाकले. एका मृगाआधी ते जुनं रुमणं खांद्यावर टाकून वाढयाकडे गेले. काही बोलले नाहीत. त्यानं एकदा बाबांकडे पाहिलं आणि चार बोटं लाकूड कमी करून दिलं. त्या साली बाबांनी पूर्ण डवरणी स्वतः केली.

हे आज आठवायचं कारण माझा मोबाईल. २०१९ साली मुलानं नागपूरहून, बर्डीवरून आणून दिला. फोन चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच्यापायी आमच्या घरात एक गोष्ट घडली, ती लिहून ठेवावीशी वाटते.

आमची चार एकर काळी जमीन कळमेश्वर तालुक्यात. तिच्यात पऱ्हाटी असते अन् पऱ्हाटीत तूर. सहा तासं पऱ्हाटीची, सातवं तुरीचं. सरकी टोबायला मजुरीच्या बाया असतात, पण तुरीचं तास माझ्या घरची स्वतः टोबते. लग्न होऊन आली त्या सालापासून हा शिरस्ता आहे. माझी आई तिला म्हणाली होती, "तूर घरच्या बाईची." पऱ्हाटीचा पैसा बँकेत, दुकानात, मजुरीत जातो. तुरीचा पैसा तिच्या हातात येतो. पोरीचं बाळंतपण, सणाची लुगडी, तिचा चष्मा, सारं त्या सातव्या तासातून निघालं.

आता कागदाचं सांगतो. सातबारा म्हणजे दोन गाव नमुने. सात नंबरचा जमीन कोणाची ते सांगतो, बारा नंबरचा तिच्यात पीक काय ते सांगतो. बाबा मात्र शेवटपर्यंत खसराच म्हणत. पीककर्ज, विमा, गारपिटीची मदत, हमीभावाची विक्री, कशालाही हात घाला, पेरा काय लिहिला आहे ते आधी पाहतात. आणि पेरा लिहायचा पटवारी. सरकारी कागदावर तेव्हा तलाठी, आमच्याकडे पटवारीच. त्यानं वावरात येऊन पीक पाहावं असा नियम. पण एका माणसाकडे दोन-चार गावं. बरेचदा चावडीत बसूनच विचारणं होई, "काय पेरलं गा यंदा?" जो हजर असेल त्याचं ऐकून बाकीच्यांचंही लिहिलं जाई. एका साली बाबांच्या वावरात पऱ्हाटी कमरेला लागली होती अन् कागदावर ज्वारी उभी होती. बाबा म्हणत, "वावर माहं, अन् पीक पटवाऱ्याचं."

म्हणून १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. शेतकऱ्यानं आपल्या मोबाईलवर, आपल्या वावरात उभं राहून, पिकाचा फोटो काढून पेरा लिहायचा. घोषवाक्यही तसंच होतं, 'माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीक पेरा'. २०२२ मध्ये सुधारून आलेल्या अ‍ॅपात तर शेतकऱ्यानं लिहिलं तेच खरं धरायचं, तलाठ्यानं त्यातलं दहा टक्के फक्त तपासायचं, असं ठरलं. मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिकं लिहायची जागा झाली. म्हणजे पऱ्हाटीत तूर पेरणाऱ्याचा कोणीतरी विचार केला होता. नोंद चुकली तर ४८ तासांच्या आत एकदा दुरुस्त करायची सोयही ठेवली. बाबा असते तर त्यांनी गूळ वाटला असता.

पण माझं काय झालं पाहा. पहिली तीन वर्षं मुलगाच भरून द्यायचा. त्यानं काय भरलं हे मी कधी विचारलं नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात तो नोकरीसाठी पुण्याला गेला. खरिपाची वेळ आली तेव्हा मी गावातल्या एका पोट्ट्याला धरलं. तो मोबाईलचं सारं काही करून देतो, पन्नास रुपये घेतो. पाऊस भुरभुरत होता. वावरात चिखल. तो धुऱ्यावरून दोन पावलं आत आला, पऱ्हाटीचा फोटो काढला अन् अंगठे चालवू लागला.

मी म्हटलं, "तुरीचं?"

"थे राहू द्या न काकाजी. एकच पीक टाकतो, लवकर होते. काई फरक नाई पडत."

"बरं," मी म्हटलं. पन्नास रुपये दिले. फोन त्याच्या हातातून माझ्या खिशात आला. पडद्यावर काय लिहून गेलं ते मी पाहिलंसुद्धा नाही. चष्मा घरी होता.

फेब्रुवारीत तूर निघाली, पाच क्विंटल. त्या हंगामाचा हमीभाव ७,५५० रुपये होता अन् बाजारात त्याहून कमीच मिळत होता. खरेदी केंद्रावर नाव नोंदवायला सातबारा घेऊन गेलो. तिथल्या माणसानं कागद पाहिला, पुन्हा पाहिला. "तुमच्या वावरात तूर नाही, फक्त कापूस आहे."

मी म्हटलं, "तूर घरी पोत्यात आहे. पाहायची असेल तर चला."

तो म्हणाला, "मी मानीन हो, पण कागद नाही मानत."

त्याचं काही चुकलं नव्हतं. तूर व्यापाऱ्याला दिली, क्विंटलमागे साडेचारशे रुपये कमी घेऊन. सव्वादोन हजारांचा फटका. तेवढ्यानं आम्ही मरत नाही. पण रात्री घरचीला हिशेब सांगितला तेव्हा ती पैशाचं काही बोलली नाही. थोडा वेळ गप्प बसून म्हणाली, "म्हणजे माह्या तासाचं नावच नाई लिहिलं तुमी?"

चाळीस वर्षं ती ते तास टोबत आली. पटवाऱ्यानं बाबांचं पीक बदललं म्हणून आम्ही पटवाऱ्याला नावं ठेवत होतो. इथं पटवारी नव्हताच. सरकारनं लेखणी माझ्या हातात दिली होती, अन् मी ती पन्नास रुपये देऊन दुसऱ्याच्या हातात दिली होती. कागदावर तर 'मीच नोंदवणार' आहे. खोटं लिहिलं गेलं तेही माझ्याच नावानं.

मग बरेच दिवस विचार करत राहिलो, की मी पाहिलं का नाही? आळस होता, खोटं कशाला बोलू. पण त्यासोबत भीतीही होती. विहिरीवरच्या मोटरीच्या स्टार्टरला दोन बटनं असतात. हिरवं दाबलं की मोटर सुरू, लाल दाबलं की बंद. माझी घरची, सालदार, शेजाऱ्याचं पोरगं, कोणालाही ते शिकवावं लागलं नाही. फोनवर मात्र एका बोटानं काय होईल याचा नेम नाही. कुठंतरी 'मी सहमत आहे' असं येतं. खाली मुंगीएवढी अक्षरं, वाचायची सोय नाही, अन् सहमत न होता पुढं जाता येत नाही. गड्यानं ठेकेदाराच्या कागदावर अंगठा लावावा तसं ते आहे. कधी रात्रीतून अ‍ॅप नवं होतं. काल जिथं बटन होतं तिथं आज दुसरंच काही. पावसाचा अंदाज पाहायचं माझं एक अ‍ॅप असंच बदललं तेव्हा घरची म्हणाली, "आपण झोपलो असताना कोणी घरात शिरून चूल हलवून ठेवली तर चालंन का?" मला तरी याहून नीट सांगता येणार नाही.

माझी नात, पोरीची पोरगी, नागपूरला कॉलेजात आहे. कॉम्प्युटरचं शिकते. उन्हाळ्यात आली तेव्हा तिला ही गोष्ट सांगितली. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "आबाजी, हे भांडण जगभर चालू आहे." अमेरिकेतले कास्तकार मोठमोठे ट्रॅक्टर घेतात. त्यात कॉम्प्युटर असतो. तो अडून बसला की ट्रॅक्टर उभा, अन् त्याचं कुलूप उघडायची किल्ली कंपनीकडे. ऐन कापणीत धुऱ्यावर उभं राहून कंपनीच्या माणसाची वाट पाहायची. शेवटी तिथल्या कोलोरॅडो राज्यानं २०२३ साली कायदा केला, की शेतीचं यंत्र ज्यानं विकत घेतलं त्याला ते दुरुस्त करायची साधनं अन् माहिती कंपनीनं द्यावी. आपल्याकडंही जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या यादीत मोबाईलसोबत शेतीची अवजारंही होती.

ऐकून मला आमचं जुनं डिझेल इंजन आठवलं. त्याला हँडल मारताना खांदा निखळायचा, पण बिघडलं की मी अन् शेजारी मिळून चिंचेखाली खोलून बसायचो. सारे नट एका परातीत. चूक झाली तर पुन्हा खोलायचं. अवजार माझं आहे हे मला तेव्हा कोणी सांगावं लागत नव्हतं. चुकलेलं मला परत सुधारता येत होतं, तेवढ्यावरून ते कळायचं.

२०२५ च्या खरिपात मी नातीला बोलावलं, पण अट घातली. तिनं हात पाठीमागं बांधून उभं राहायचं, फोनला बोट लावायचं नाही. घरची म्हणाली, मीपण येते. तिघंही वावरात गेलो. चष्मा नेला. एक दोनशे पानी वही नेली अन् प्रत्येक पायरी तिच्यात लिहून काढली. चार आकडी संकेतांक मुलानं कधीतरी ठेवला होता, तो पुण्याला फोन करून विचारला. आधी फोनमधली अक्षरं मोठी करून घेतली. ती मोठी करता येतात हे सहा वर्षांत मला माहीत नव्हतं!

क्षेत्राशी अडलो. आयुष्यभर मी एकरात पेरलं, फोन हेक्टर अन् आर मागतो. चाळीस आरांचा एकर धरला तर चार एकर म्हणजे एकशे साठ आर. साताला एक तास तुरीचं, म्हणजे साधारण तेवीस आर तूर. वहीवर मांडून पाहिलं. मग मुख्य पीक कापूस, दुय्यम पीक तूर. एकदा बोट चुकून भलतंच पीक निवडलं गेलं. मी घाबरून फोन नातीपुढं केला. तिनं हात पाठीमागून काढले नाहीत. "मागं जायचा बाण आहे आबाजी, डावीकडं पाहा." गेलो मागं. फोटो काढायला तुरीच्या तासात उतरलो. तूर गुडघ्याएवढी होती. घरची फोटोत येऊ नये म्हणून बाजूला झाली, पण तिची सावली आली.

पाठवायच्या आधी सारं एकदा पडद्यावर पाहून घेतलं. घरची चौथीपर्यंत शिकलेली. तिनं फोन उन्हाआड धरला अन् अक्षरं जोडून वाचलं, "तू... र." मग म्हणाली, "हं, टाका आता."

तासभर गेला. पोट्ट्यानं पाच मिनिटांत केलं असतं. घरी आल्यावर मी वहीत खाली लिहिलं, दुरुस्तीला ४८ तास. गेल्या साली वावरातलं तास बुडालं ते मला घड्याळातले हे तास ठाऊक नव्हते म्हणून.

ही बातमी गावात फिरायला वेळ लागला नाही. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या वाड्यातल्या वयनी आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या, दोन एकर जमीन. फोन पदराच्या गाठीत.

"भाऊजी, करून द्या न एवढं."

"मी करून देत नाही वयनी. तुम्ही करा, मी सांगतो."

"माह्यानं काय होते बाप्पा!"

वावरात गेलो. त्यांनी बोट टेकवलं, पडदा हलला नाही. पुन्हा टेकवलं, तरी नाही. कापूस वेचून वेचून बोटांना भेगा पडलेल्या, फोनला ते बोटच वाटेना. ज्यानं हा फोन बनवला त्यानं असं बोट पाहिलं नसावं. माझ्या मनात आलं, चटकन आपणच दाबून द्यावं. हात पुढं गेलाही होता. पण वही डाव्या हातात होती, ती मी उजव्याही हातानं धरली. वयनींनी बोट पदराला पुसलं, मग करंगळी लावून पाहिली. करंगळीनं काम झालं.

सगळी नोंद त्यांनी करंगळीनं केली. शेवटी पडदा माझ्यासमोर धरून विचारलं, "यात माही तूर दिसते का, भाऊजी?"

मी म्हटलं, "तुम्हीच पाहा." अन् माझा चष्मा काढून त्यांना दिला.