यादीत नसलेलं नाव

मंडळीत डीकनच्या कामाची चर्चा बहुतेक वेळा कामांच्या यादीने सुरू होते आणि तिथेच संपते. दानाच्या थैल्या फिरवायच्या, रक्कम मोजून वहीत उतरवायची, प्रभुभोजनाची तयारी करायची, आजाऱ्यांना भेटायचं, गरजूंपर्यंत मदत पोचवायची. डीकन म्हणून ही कामं मी करतो आणि त्यांतलं एकही मला हलकं वाटत नाही. तरीही कामं पार पडली म्हणून सेवा विश्वासूपणे झाली, असं मला म्हणवत नाही. मदत वाटताना कोण राहून गेलं हे डीकनला कळलं का, आणि कळल्यावर त्याने काय केलं, यावर त्याचा विश्वासूपणा पारखला पाहिजे.

असं म्हणायला आधार पवित्र शास्त्राचाच आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या मंडळीत रोजची वाटणी चालू आहे. अन्न कमी पडल्याचा तिथे उल्लेख नाही, कुणी लबाडी केल्याचाही नाही. तरी ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं. वाटणाऱ्यांचं मन वाईट नसतानाही असं घडू शकतं, कारण ज्याची बोली वेगळी आणि ज्याच्या बाजूने बोलायला घरचं कुणी नाही, तोच माणूस आधी नजरेआड होतो. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प बसवलं नाही. त्यांनी मंडळीलाच सात माणसं निवडायला सांगितली. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना आणि निकलाव ही सातही नावं ग्रीक आहेत. अशी नावं इतर यहूदी घरांतही ठेवली जात, त्यामुळे नावांवरून छातीठोक निष्कर्ष काढता येत नाही. पण निकलाव तर अंत्युखियाचा, जन्माने यहूदीही नसलेला. ज्यांची तक्रार होती त्यांच्या जवळच्या माणसांच्या हाती मंडळीने वाटणी सोपवली, असाच अर्थ मला त्यातून लागतो.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की या सातांना त्या अध्यायात डीकन हे पद दिलेलंच नाही. हे खरं आहे. मात्र दुसऱ्या शतकातल्या इरेनेयसपासून ख्रिस्ती परंपरेने या पदाचं मूळ याच प्रसंगात पाहिलं आहे, आणि पुढचा इतिहासही त्याच दिशेने जातो. इ.स. 251 च्या सुमारास रोमचा बिशप कर्नेलियस आपल्या मंडळीची माहिती एका पत्रात देतो: डीकन सात, आणि मंडळी पोसत असलेल्या विधवा व गरजू पंधराशेहून अधिक. दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. प्रेषितांनी प्रार्थना आणि वचनाची सेवा स्वतःकडे ठेवली, म्हणजे वाटणीची सेवा दुय्यम नाही का? दुय्यम कामासाठी माणसं पवित्र आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण असावीत, अशी अट कुणी घातली नसती. त्यांच्यासाठी प्रार्थना करून त्यांच्यावर हातही ठेवले नसते. प्रेषितांनी कामाची विभागणी केली. तिच्यातून मानाची उतरंड आपण नंतर तयार केली.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात डीकनच्या पात्रतेत दोन गोष्टी जवळजवळ येतात: तो दुतोंडी नसावा आणि पैशाचा लोभी नसावा. लोभाचं कारण उघड आहे. दुतोंडेपणाचं महत्त्व घरोघर जाणाऱ्यालाच नीट कळतं. कुणाच्या घरी चूल पेटत नाही, कुणाचं कर्ज थकलं आहे, हे डीकनला ठाऊक असतं. ती माहिती एका ओसरीवरून दुसऱ्या ओसरीवर गेली, की पुढच्या वेळी गरज असलेला माणूस तोंड उघडत नाही आणि यादीतून सुटतो. पण गरजूची लाज झाकण्याचा अर्थ हिशेब झाकणं असा होत नाही. यरुशलेमसाठी जमवलेलं दान पौल मंडळ्यांनी निवडलेले सोबती घेऊनच पोचवतो, कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून. 1541 च्या जिनीव्हाच्या मंडळी-नियमांत धर्मसुधारक कॅल्व्हिनने निधी सांभाळणारे डीकन आणि आजारी-गरिबांची शुश्रूषा करणारे डीकन असे दोन प्रकार मानले. लहान मंडळीतही मोजायला दोघं बसावेत आणि भेटीला जाणाऱ्याच्या हाती तिजोरी नसावी, हे मला त्यातून घेण्यासारखं वाटतं.

आता कुणी म्हणेल, सरकारी योजना आहेत, महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांना 1950 चा कायदा आणि हिशेबतपासणी आहे, मग डीकनवर एवढा भार कशाला? हिशेबतपासणी हवीच. तिच्यामुळे दिलेल्या रुपयाची पावती सापडते, पण ज्याला काहीच मिळालं नाही त्याची पावती कुठल्याच फाइलमध्ये नसते. योजनेतही माणसाला अर्ज करावा लागतो. जो अर्ज करत नाही, उपासनेला यायचा थांबला आहे, वर्गणी थकल्यामुळे ज्याला मागे बसायचाही संकोच वाटतो, त्याच्या दारापर्यंत जाणं हेच डीकनचं काम. म्हणून वार्षिक सभेत जमाखर्चाबरोबर डीकनांनी आणखी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं: या वर्षी आपल्या हातून कोण राहून गेलं? नावं जाहीर करू नयेत, पण कारणं सांगावीत आणि ती दूर करण्यासाठी काय ठरवलं तेही सांगावं. आणि नवे डीकन निवडताना मंडळीने ज्यांचा शब्द सभेत चालतो त्यांच्यापलीकडे पाहावं. ज्यांच्याजवळ दुर्बळ माणूस न घाबरता मन मोकळं करतो, अशांना निवडावं.