पट

आमच्याकडं शाळेची चौकशी करणारा माणूस इमारत विचारत नाही, निकाल विचारत नाही. तो विचारतो, "पट किती हाय?" वर्गात लेकरं किती, यावर मास्तर किती ते ठरतं, आणि मास्तर किती यावर शाळा राहणार की जाणार ते ठरतं.

आमचं गाव धारूरच्या बाजूला, बालाघाटाच्या डोंगरात. जमीन मुरमाड, विहिरी उन्हाळ्याआधीच तळाला. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या गाड्या गावात लागतात. उचल घेतलेली जोडपी संसार गाडीत टाकून ऊस तोडायला निघतात, कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी थेट कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तिथला हिशोब. म्हातारी माणसं घर राखायला मागं राहतात. लेकरं त्यांच्याजवळ ठेवावीत तर म्हातारीलाच दिसत नाही. हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झालं तर बरं, नाही तर लेकरंही फडावर. जूनला भरलेला वर्ग दिवाळीनंतर निम्मा होतो आणि पाडव्याच्या आगेमागे पुन्हा भरतो. लेकरं कुठं जात नाहीत, उसात असतात. कागदाला ऊस दिसत नाही.

मी २००८ साली शेजारच्या गावात माध्यमिक शाळेवर लागलो. विषय मराठी आणि इतिहास. शाळा 'कायम विनाअनुदानित'. म्हणजे शाळा काढा, चालवा, पण सरकारकडं पगार कधी मागू नका. २००९ ला सरकारनं त्यातला 'कायम' हा शब्द काढला. त्या दिवशी आम्ही पेढे वाटले. मग मूल्यांकन, त्रुटी, पुन्हा मूल्यांकन. वीस टक्के अनुदानाच्या याद्या निघाल्या, त्यात आमच्या शाळेचं नाव नव्हतं. मुंबईला आझाद मैदानावर चारदा जाऊन बसलो. पहाटे डेअरीला दूध, दहा ते पाच शाळा, आणि सुट्टीत दुसऱ्याच्या सोयाबीनवर काढणीला, अशी चौदा वर्षं गेली. एकदा शेजारच्या पातीला माझाच दहावीचा विद्यार्थी होता. म्हणाला, "सर, तुम्ही सावलीला बसा, तुमची पात मी धरतो." मी बसलो नाही. त्या दिवसाची मजुरी दोघांना सारखीच मिळाली. मास्तरकीतून मला तेवढीही मिळत नव्हती.

२०१७ च्या डिसेंबरात राज्यातल्या तेराशेच्या वर शाळा बंद करायचं ठरलं, कारण पट दहाच्या आत. गावं मोठी असलेल्यांना ती बातमी लांबची वाटली असेल. आमच्यासारख्या शाळेला पोरं येतात ती अशाच वाड्या-तांड्यांवरून. खालचा झरा आटला की वरच्या विहिरीचं काय होतं ते शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. कोरोनाची दोन वर्षं गेली तेव्हा बरीच पोरं आईबापाबरोबर कोयता धरून मोकळी झाली होती आणि पोरींची लग्नं झाली होती. २०२२ च्या मे महिन्यात संस्थेनं सांगितलं, जूनला वर्ग भरणार नाहीत. अनुदानित शाळेतला माणूस अतिरिक्त ठरला तर दुसरीकडं त्याचं समायोजन तरी होतं. आम्ही अतिरिक्त ठरायलाही पात्र नव्हतो.

पुण्याला जायचं ठरलं तेव्हा आई म्हणाली, "आपल्या घरात कुनी कोयता धरू नये म्हनून तुला शिकिवलं. आता तूबी चाललास व्हय?" मुकादम निदान आधी उचल तरी देतो, असं मनात आलं, पण बोललो नाही.

भोसरीत एका पत्र्याच्या खोलीत तिघांत राहिलो. बाकीचे दोघे एमआयडीसीत कामाला. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांना मराठी शिकवणं सक्तीचं झालं, म्हणून इंग्रजी माध्यमाच्या एका खाजगी शाळेला मराठीचा माणूस हवा होता. ज्या मराठीवर गावात पोट भरलं नाही, तिच्याच जोरावर शहरात नोकरी लागली! मुलाखत मात्र इंग्रजीत झाली. मी तीन वाक्यं इंग्रजीत बोललो आणि पुढं मराठीत सुरू केलं. बाईंनी कागद पुढं केला, पगार चौदा हजार, करार अकरा महिन्यांचा. अडतिसाव्या वर्षी पहिला पगार हातात आला तो मी दोनदा मोजला.

पहिल्या दिवशी वर्गात गेलो आणि दारातच थांबलो. एका तुकडीत अठ्ठावन्न पोरं! आमच्या अख्ख्या शाळेत शेवटच्या वर्षी एवढी नव्हती. मराठीच्या तासाला पोरं गणिताचा गृहपाठ उरकायची. मी त्यांना धडा सोडून उसाच्या फडाबद्दल सांगायला लागलो, वाढं म्हणजे काय, मोळी कशी बांधतात. मागच्या बाकावरचा एक पोरगा मान वर न करता म्हणाला, "सर, मोळी वाढ्यानंच बांधत्यात, दोरीनं न्हाई." वर्ग हसला. त्याच्या बोलण्यावर हसला, हे मला कळलं. मी विचारलं, "कोण्या गावचा रं?" त्यानं सांगितलेलं गाव आमच्यापासून दोन कोसांवर. त्याचा बाप कोयता सोडून इथं एका कारखान्यात वॉचमन झाला होता, आई चार घरची धुणीभांडी करून पोराची फी भरत होती. मग मी हळूहळू चौकशी करत गेलो. त्या एका तुकडीत बीड, लातूर, धाराशिवकडची अकरा पोरं निघाली. गावाकडच्या पटावरून उतरलेली लेकरं इथं एका बाकावर तिघं-तिघं बसली होती. त्या पोराला मी पुढच्या तासाला फळ्याशी उभं केलं आणि मोळी बांधायची रीत त्याच्याच बोलीत सांगायला लावली. कुणी हसलं नाही असं नाही, पण दोन पोरं वहीत उतरवून घेत होती.

माझी मोठी पोरगी गावातच जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला आहे. १५ मार्च २०२४ चा शासन निर्णय निघाला, त्यानुसार सहावी ते आठवीत वीसच्या आत पोरं असली तर तिथं शिक्षकाचं पदच मंजूर होत नाही. गावातला या वर्गांचा पट एकवीस. दोन वर्षं बायको म्हणतेय, किती दिवस असं दोन ठिकाणी राहायचं, पोरींना घेऊन आम्हीबी येतो. तिचं खरं आहे. धाकटीला मी घरी गेलो की दोन दिवस ओळखीचं वाटायलाच जातात.

ऑगस्टमध्ये शाळेतल्या गुरुजींचा फोन आला. आम्ही बरोबर बी.एड. केलेलं. बराच वेळ पाऊसपाण्याचं बोलले. मग म्हणाले, "ताईला नेताय म्हणं. नेऊ नका असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? एक ऊसतोडीचं घर औंदा लवकर जायचं म्हणतंय, त्यांचं एक लेकरू. पण ३० सप्टेंबरचा पट धरतेत बघा, तव्हापर्यंत दाखला काढू नका."

मी हो म्हणालो. बायकोला सांगितलं. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "ठीक हाय. पर तवर खोली बघून ठिवा. नळ घरात असलेली."

खोली बघतोय.