मोठा जेट

टी.ई.ला असताना दिवाळीच्या सुट्टीत बाबांच्या मारुती ८०० ला 'पिकअप' आणायचं भूत डोक्यात शिरलं. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्ब्युरेटरवाली. बाबा गावाला गेलेले. मेन जेट काढून मोठ्या भोकाचा बसवला. हवा तेवढीच, पेट्रोल मात्र जास्त! १४.७ ला १ हे प्रमाण व्हायवात घडाघडा सांगितलं होतं, पण तेव्हा आठवेल तर शपथ. गाडी काळा धूर ओकायला लागली, प्लगवर काजळी. प्लग पुसले नि गप्प बसलो.

पंधरा दिवसांनी बाबा पेट्रोलची वही घेऊन बसले. "ॲव्हरेज पार पडलंय रे. म्हातारी झाली बहुतेक, विकून टाकू या."

मी खिशातला जुना जेट काढून वहीवर ठेवला.