फुटकी काच

‘फुटकी काच जोडली जात नाही,’ असं आपल्याकडे सहज म्हणतात आणि बहुतेक वेळा ते एखाद्या मुलीबद्दल असतं. आम्ही तेल्हाऱ्याचे मनियार. तीन पिढ्या काचेच्या बांगड्यांवर आमचं घर चालतं. म्हणून काचेची बाजू मांडणं मला भाग आहे.

काच फार जुनी. पण फुंकून भांडी करायची युक्ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, शाम आणि फिलस्तीनच्या भागातली. जेरुसलेमच्या उत्खननात त्या काळच्या काचकामाचा टाकाऊ माल सापडला आहे. त्याआधी मातीच्या गाभ्यावर काच चढवत आणि गार झाल्यावर आतली माती खरवडून काढत. एका कुपीला इतकी मेहनत लागे की ती श्रीमंताघरीच दिसे. मग कुणीतरी आपल्या चुलीच्या फुंकणीसारख्या नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन फुंकर मारली. अत्तराच्या, तेलाच्या कुप्या भराभर होऊ लागल्या. स्ट्रॅबो हा ग्रीक भूगोलकार सांगतो की रोममध्ये काचेचा पेला तांब्याच्या एका नाण्याला मिळे.

काच आपल्याकडेही येत होती. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात कच्च्या काचेचं नाव आहे. आपल्या पैठणचा आणि तेरचा माल त्याच बंदराला जाई.

पण मला सगळ्यात भावते ती एका बुडालेल्या जहाजाची हकीकत. इ.स. 1025च्या सुमारास शामच्या किनाऱ्याकडून निघालेलं एक जहाज तुर्कस्तानच्या सेर्चे लिमानी या खाडीत बुडालं. 1977 ते 1979 या काळात पाणबुड्यांनी त्याचं उत्खनन करून ते तपासलं. त्यात सुमारे तीन टन काच होती. बरीचशी ढेकळं आणि बाकी फुटक्या भांड्यांचे तुकडे. व्यापारी समुद्र ओलांडून फुटकी काच नेत होता, कारण तिला किंमत होती. भट्टीत फुटकी काच घातली की नवा माल कमी आचेवर वितळतो. आमच्या फिरोजाबादच्या भट्ट्यांतही फुटक्या बांगड्या पुन्हा जातात.

पुढे चौदाव्या शतकात शाम आणि मिसरच्या कारागिरांनी मशिदींसाठी काचेचे दिवे फुंकले. त्यांतल्या कित्येकांवर सूरह नूरच्या 35व्या आयतीचे शब्द रंगवलेले आहेत. त्या आयतीतही काचेतल्या दिव्याचीच उपमा आहे.

हे सगळं आठवायचं कारण माझी भाची. तिचा तलाक झाला, इद्दत संपली, ती माहेरी आहे. नुकतंच एक स्थळ आलं. माणूस वयाने बराच मोठा, मुलं तिच्याच वयाची. घरात बोललं गेलं, ‘आता निवड कसली? मिळतंय ते घ्या.’ भाईजान गप्प बसले. मी म्हटलं, एकदा निकाह झालेल्या बाईचा होकार तिच्याच तोंडून यावा लागतो, ही शरीयत आहे. आपली मेहेरबानी नाही. तिला विचारा.

विचारलं. ती म्हणाली, ‘फुफी, आधी बी.एड. पूर्ण करते. मग बघू.’

भाईजानांनी त्या लोकांना नम्रपणे नकार कळवला. भाचीची फी जुलैमध्ये भरली.